मागं बसणाऱ्याचा टायर

"यातला सगळ्यात चांगला कोणता, वस्ताद?"

"कुणासाठी?"

"म्हणजे... सायकलसाठी."

वस्ताद हसले नाहीत. हातातल्या चाकाची तार पिळत होते, ती पिळत राहिले.

सन्मती मगदूमनं कागद त्यांच्यापुढं धरला. कागदावर अकरा टायरांची नावं होती. प्रत्येकापुढं वजन, रुंदी, हवा किती सोसतो, तासाला किती वेग मिळतो. तीन आठवडे खपून त्यानं तो तक्ता केला होता. सन्मती साखर कारखान्यात इंजिनिअर होता, आणि जिल्ह्याची सायकल शर्यत त्यानं तीनदा मारली होती. दोन्ही गोष्टी त्याच्या उभं राहण्यात दिसायच्या.

बाबालाल वस्तादांचं दुकान मिरजेच्या बाहेर, रस्ता शेतांकडं वळतो तिथं होतं. पत्र्याचं छप्पर, एक बाकडं, छताला टांगलेली चाकं. वस्ताद सत्तरीच्या पुढचे. कधीकाळी तेही शर्यतीत उतरायचे, असं लोक सांगत. ते स्वतः कधी बोलले नाहीत. सन्मतीला चाक बांधायला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा तो कॉलेजात होता.

"एवढं बारीक मला वाचता येत न्हाई," वस्ताद म्हणाले. "तोंडानं सांग."

"पहिला बघा. पंचवीस मिलिमीटर रुंद. वजन नावाला. एकशेवीस पौंड हवा मारली की दगडासारखा होतो."

"दगडावर बसणार कोण?"

"बसणार म्हणजे... मी पुढं. मागं अक्का."

वस्तादांचा हात थांबला.

...

त्रिशलाअक्का सन्मतीची थोरली बहीण. दोघांत आठ वर्षांचं अंतर.

गावातून हायस्कूलला जायचं तर सात किलोमीटर. अक्का सायकलवरून जायची, आणि मागं कॅरिअरवर धाकटा सन्मती. त्याची शाळा वाटेत होती. आई कॅरिअरवर घोंगडीची घडी बांधून द्यायची.

पुढं अक्काची नजर आक्रसत गेली. आधी संध्याकाळचं दिसेना. मग बाजूचं दिसेना. सहा वर्षांपूर्वी उरलेलं टिकलीएवढं दिसणंही विझलं. तिनं रडून गोंधळ घातला नाही. घर तीच चालवायची. गल्लीतली मुलं तिच्याकडं तोंडी गणितं शिकायला यायची.

सहा वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत जेवता जेवता म्हणाली, "सन्मती, एकदा समुद्रावर जायचंय."

"जाऊ की. गाडी करतो."

"गाडीनं नको. सायकलवरून."

सन्मतीनं घास तसाच हातात धरला.

म्हणून वस्तादांनी दोन जुन्या सांगाड्यांचा एक सांगाडा जोडून दिला. जोडसायकल. पुढचा हँडल वळवणार, मागचा नुसता धरणार, आणि पेडल दोघांनी मिळून मारायचं. मिरजेहून रत्नागिरी, पावणेदोनशे किलोमीटर. दोन दिवसांची वाट. डिसेंबरात निघायचं ठरलं.

...

"आता जे टायर चढवलेस, त्याच्यावर अक्काला घेऊन गेला हुतास न्हवं?" वस्तादांनी विचारलं.

"गेलो होतो. मागच्या रविवारी. कवठेमहांकाळपर्यंत, जाऊन येऊन नव्वद. वस्ताद, चोवीसचा वेग पडला! जोडसायकलवर! पण आणखी काढता येईल. म्हणून तर हा तक्ता..."

"अक्का काय म्हणाली?"

"म्हणाली, छान झालं."

"आनि दुसऱ्या दिवशी जेवायला काय केलं तिनं?"

सन्मतीला हसू आलं. "जेवायला? भात... आमटी."

"भाकरी?"

"नाही. भाकरी नव्हती त्या दिवशी."

"तिसऱ्या दिवशी?"

सन्मती आठवू लागला. अक्का रोज भाकरी थापायची. तिच्या थापण्याचा आवाज घरात घड्याळासारखा होता. त्या आठवड्यात तो आवाज...

"आठवडाभर भातच होता," तो म्हणाला.

वस्तादांनी चाक खाली ठेवलं. आपले दोन्ही तळहात सन्मतीसमोर उघडे धरले. मग मिटले.

सन्मतीला कळलं नाही. निदान सगळं कळलं नाही. त्यानं कागद पुन्हा उचलला. "पण हा तिसऱ्या नंबरचा जरा मऊ आहे. त्याचा कसा..."

"जोडसायकल बाहेर काढ," वस्ताद म्हणाले.

...

त्यांनी सन्मतीला मागं बसवलं. खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि त्याच्या डोळ्यांवर बांधला.

"हे कशाला?"

"पाय चालू ठेव."

वस्ताद पुढं बसले. सायकल निघाली. शेतांकडं जाणारा तो रस्ता सन्मतीनं हजार वेळा तुडवला होता. कुठं कडुलिंब आहे, कुठं कॅनॉलचा पूल, सगळं पाठ. पहिले शंभर मीटर त्याला मजा वाटली.

मग पहिला खड्डा आला.

तो खालून आला. कण्यातून वर चढला आणि दातांवर आदळला. सन्मतीची जीभ चावली गेली.

"वस्ताद!"

सायकल तशीच पुढं गेली.

दुसरा. तिसरा. मग नुसती खडखड, एकसारखी, हँडलच्या नळीतून मनगटात, मनगटातून कोपरात. मुठी त्यानं इतक्या आवळल्या की बोटं बधिर झाली. पुढचा धक्का कधी येणार ते कळत नव्हतं. येणार एवढं नक्की होतं. धक्का येऊन गेला की क्षणभर बरं वाटायचं, आणि लगेच पुढच्याची वाट बघायला अंग ताठ व्हायचं.

गतिरोधकावर तो सीटवरून उडाला आणि परत सीटवर आपटला.

"थांबवा... वस्ताद, थांबवा!"

सायकल थांबली. सन्मतीनं टॉवेल ओढून काढला. मागं वळून बघितलं. दुकान दिसत होतं. दीड किलोमीटरसुद्धा झालं नव्हतं.

तो रस्त्याच्या कडेला बसला. तळहात लाल झाले होते; अशा हातांनी भाकरी थापता आली नसती. जिभेवर रक्ताची चव होती.

"खड्डा आला की तुम्ही सीटवरून उठत होता," तो म्हणाला. "अंग हलकं करत होता. मला कळत होतं... पण धक्का बसल्यावर."

"व्हय."

"मला आधी सांगितलं का नाही?"

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले.

"तू अक्काला सांगितलंस?"

उसाची एक गाडी गेली. धुरळा उठला, खाली बसला. सन्मती तिथंच बसून होता. नव्वद किलोमीटर. चोवीसचा वेग. आणि घरी आल्यावर तिनं विचारलं होतं, "तू दमला नाहीस ना रे?"

त्यानं चेहरा टॉवेलात घातला. वस्ताद सायकल धरून उभे राहिले. घाई केली नाही.

...

दुसऱ्या दिवशी सन्मती अक्काला घेऊन दुकानात आला. कागद आणला नव्हता.

वस्तादांनी बाकड्यावर पाच टायर मांडले. "बघ पोरी," ते म्हणाले. तिला ते बघच म्हणायचे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

अक्कानं एकेक टायर मांडीवर घेतला. वास घेतला. अंगठ्यानं कडा दाबली, दुमडली, सोडली. कडेचं रबर कसं परत येतं ते तिनं कान जवळ नेऊन ऐकलं. दोन पातळ टायर तिनं लगेच बाजूला केले. तिसऱ्याला खोल नक्षी होती. त्यावरून तिनं नख ओढलं.

"हा गुरगुरेल, चाचा."

"गुरगुरंल," वस्ताद म्हणाले. "चिखलाचा हाय. डांबरावर नुसता आवाज, आनि पायाला ओझं."

चौथा तिनं बराच वेळ हातात ठेवला. बत्तीस मिलिमीटर रुंद, वरून जवळजवळ सपाट, कडा मऊ. मधल्या भागावर तिनं बोटाचं पेर दाबलं.

"इथं आत काहीतरी आहे. जाड कापडासारखं."

"पट्टा हाय. काटा-काच ट्यूबपर्यंत जाऊ देत न्हाई."

"पण कडा तर लवतायत."

"कडा लवल्या पायजेत. मधी राखण, कडंला माया."

"मग हाच."

सन्मतीनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, कारण सवय एका दिवसात जात नाही.

"अक्का, हा माझ्या तक्त्यात अकरावा होता. शेवटचा. जड आहे. तासाला किलोमीटर-दीड किलोमीटर मागं पडू आपण."

"पडू की," अक्का म्हणाली. "समुद्र कुठं पळून चाललाय?"

वस्तादांनी आधी टायर सांगाड्यात धरून बघितला. टायरच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी जागा आहे का, ब्रेकला घासत नाही ना. जागा होती. मग दोन्ही चाकांना तसे टायर चढवले, आणि हवा मारायला पंप सन्मतीच्या हातात दिला. काटा ऐंशीवर आला तसा सन्मतीचा हात सवयीनं पुढं चालला. वस्तादांनी पंपाच्या दांड्यावर हात ठेवला.

"बास."

"मागच्या चाकाला?"

"पाच जादा. हितं दोघांचं वजन येतं."

अक्कानं वाकून टायर दाबला. अंगठा किंचित आत गेला. तिनं सीटवर एकदा थोपटलं, जसं कुणी म्हशीच्या पाठीवर थोपटतं.

...

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, उजाडता उजाडता ते निघाले.

सन्मतीनं ठरवलं होतं की सगळं सांगायचं. प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण. जयसिंगपूर येईपर्यंत त्याचं तोंड बंद नव्हतं.

"गतिरोधक... उठ. डावीकडं खडी. खड्डा, लहान. आता ट्रक येतोय, वारा लागेल. खड्डा..."

कोल्हापूर मागं पडल्यावर अक्का म्हणाली, "सन्मती, मोठे तेवढे सांग. बाकीचं राहू दे."

"का? लागतंय का?"

"नाही रे. ऐकू दे मला."

तो गप्प झाला. पहिल्यांदा त्यालाही ऐकू आलं. टायरचा आवाज. डांबरावर सळसळ, जुन्या डांबरावर जरा जाड, सिमेंटवर बारीक शीळ.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "पूल आला."

सन्मतीनं खाली बघितलं. पूल आला होता. खाली पाणी संथ होतं.

"कसं कळलं?"

"सांध्याची पट्टी लागली. टप... टप. आणि मग खाली पोकळ वाटलं."

त्यानंतर तीच सांगू लागली. "नवं डांबर. आता जुनं. इथं कुणीतरी ऊस सांडलाय, चिपाडं चिरडली. इथं रस्त्यावर झाडाची सावली आहे."

"सावली टायरला कळते?"

"सावली मला कळते, वेड्या. गालाला."

दोघंही हसले. सन्मती कितीतरी दिवसांनी तिचं असं हसणं ऐकत होता. हसता हसता सायकल जरा डुलली.

"मागच्या वेळी," अक्का म्हणाली, "नुसता मार होता. मार खाताना काही ऐकू येत नाही."

एवढंच ती त्याबद्दल बोलली. त्याचा एक हात हँडल सोडून मागं गेला. तिनं तो चाचपून धरला, दाबला, आणि परत पुढं ढकलला.

"हँडल धर. इथून मला वळवता येत नाही."

मलकापूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. चार किलोमीटर नुसती खडी. सन्मतीचा जीव वरखाली झाला. तो उतरून चालू या म्हणाला. अक्का म्हणाली, बस. ते सावकाश गेले. चाकं खडीवर चढत होती, उतरत होती, लवत होती. धक्के होते, पण ते दातांपर्यंत येत नव्हते.

खडी संपून डांबर लागलं आणि मैलभरात अक्का म्हणाली, "थांब."

"काय झालं?"

"मागच्या चाकात काहीतरी टकटकतंय. फेऱ्याला एकदा."

सन्मतीला काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं सायकल थांबवली, चाक हातानं फिरवलं. टायरच्या मधोमध काचेचा तुकडा रुतला होता, बोटाच्या नखाएवढा. त्यानं तो हळूच ओढून काढला. कान लावला. हवा जात नव्हती. काच पट्ट्यापर्यंत पोचली होती, आत गेली नव्हती. आणखी दोन-चार किलोमीटर तशीच राहिली असती तर दर फेऱ्याला आत शिरत गेली असती.

त्यानं ती काच तिच्या तळहातावर ठेवली. तळहाताकडं बघितलं. फोड नव्हते.

"काय बघतोस?" अक्कानं विचारलं.

"काही नाही."

मुक्काम घाटाच्या माथ्यावरच्या आंबा गावात, एका घरी केला. अंगणात पाण्याचा हंडा तापत होता. अक्कानं गरम पाण्यात पाय सोडले आणि घरच्या बाईंशी गप्पा मारत बसली. सन्मती उशी टेकताच झोपला.

दुसऱ्या दिवशी घाट उतरताना त्यानं दर वळणावर ब्रेक दाबले, मोकळे सोडले, पुन्हा दाबले. ओल्या पानांवर टायर घसरला नाही. हवा बदलली. जड झाली, गरम झाली. पालीच्या पुढं अक्का बोलायची थांबली. पेडलवरचा तिचा जोर मात्र वाढला, एवढा की सन्मतीला तो स्वतःच्या तळव्यात जाणवला.

"वास येतोय," ती म्हणाली.

"अजून पंधरा-सोळा किलोमीटर आहे, अक्का."

"येतोय."

दुपारी चारच्या सुमाराला भाट्याच्या किनाऱ्यावर चाकं वाळूत रुतली. इथून पुढं सायकल जाणार नव्हती. अक्का उतरली. चपला काढल्या. सन्मती हात धरायला पुढं झाला, तेव्हा ती म्हणाली, "नको. आवाज सरळ समोर आहे."

ती एकटी चालत गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

सन्मती सायकलला टेकून बघत राहिला. शर्यत मारल्यावर तीन वेळा त्याला हार घातले होते. त्यांतला एकही आता आठवत नव्हता.

अक्का परत आली तेव्हा पदर भिजला होता. तिनं चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"आणलंस रे," ती म्हणाली.

...

परत येताना सायकल एका भाजीच्या टेम्पोत टाकली. चार दिवसांनी दोघं वस्तादांकडं गेले. सायकल सोबत होती. अक्कानं आंबापोळीचा पुडा वस्तादांच्या हातात दिला.

"चाचा, मी रस्ता बघितला."

वस्तादांनी हातातलं काम खाली ठेवलं. "सांग की मग."

अक्का बाकड्यावर बसली आणि सांगू लागली. कोल्हापूरपर्यंत नुसता सन्मतीचा आवाज. नदीच्या पुलाला सहा सांधे. मलकापूरच्या पुढं खडी, पण घाबरण्यासारखी नाही. घाटात वर कोरडं, खाली ओलं, आणि एका वळणावर कुणीतरी मध विकत होतं. पालीपासून रस्ता जरा खारट.

वस्ताद डोळे मिटून ऐकत होते. मध्येच विचारलं, "साखरप्याचा उतार?"

"लांब आहे. तिथं मी दोन्ही हात सोडले होते."

"हात सोडले होतेस?" सन्मती दचकला. "मला कसं कळलं नाही?"

"तू पुढं बघत होतास."

वस्तादांच्या पांढऱ्या दाढीत हसू फुटलं. डोळे मिटलेलेच होते. वस्तादांनी आंबापोळीचा तुकडा मोडला, अर्धा अक्काला दिला, अर्धा तोंडात टाकला.

सन्मती उठला आणि त्यांच्या पायांवर वाकला. वस्तादांनी पाय मागं घेतले.

"माझ्या कशाला पडतोस? मागं बसलेलीच्या पड."

सन्मती वळला. अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच, कारण बहिणीच्या पाया पडायचं कुणाला सुचतं? अक्का आधी हसली. मग तिनं त्याचे केस मुठीत धरले आणि तसेच धरून ठेवले.

वस्ताद उठून सायकलपाशी गेले. पाठमोरे उभे राहिले. दोघांना हवा तेवढा वेळ दिला.

मग सन्मती डोळे पुसत त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. मागच्या टायरवर काचेची एक बारीक खूण होती. बाकी सगळीकडं रबराची नवी चकाकी जाऊन मऊ करडेपण आलं होतं. त्यानं त्यावरून हात फिरवला.

"वस्ताद, आता आम्हाला दर महिन्याला कुठंतरी जायचंय. अक्कानं यादी केलीय..." तो थांबला. "किती टिकतील हे टायर?"

वस्तादांनी आपला तळहात टायरवर ठेवला. काही वेळ तसाच राहू दिला.

"चांगले हायत," ते म्हणाले. "अक्काच्या वाट्याचं हेच झिजतील."